निर्लेखित ट्रेलर आणि रूपांतराची नीती

'रूपांतर' ही संज्ञा आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरली जाते. कादंबरीचे नाटक झाले किंवा नाटकाचा चित्रपट झाला, की 'मूळ कृतीशी तो प्रामाणिक आहे का?' एवढा एकच प्रश्न आपण विचारतो आणि होकार वा नकार देऊन मोकळे होतो. या प्रश्नाचा अपुरेपणा मला साहित्याबाहेरच्या एका उदाहरणात अधिक स्पष्टपणे जाणवला. ते उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील सैन्याने निर्लेखित केलेला, जीपच्या मागे जोडायचा छोटा ट्रेलर विकत घ्यायचा, त्यावर तंबू, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकाची पेटी बसवायची, आणि पक्का रस्ता संपतो त्याच्या पुढे वाळवंटात वा जंगलात मुक्कामाला जायचे, असा एक उद्योग तिकडे अनेक हौशी मंडळी करतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या लोखंडी पेटीकडे का पाहावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की रूपांतर करताना काय बदलावे, काय राखावे आणि काय मिरवू नये, हे प्रश्न येथे अक्षरशः हाताला लागतात.

प्रथम मूळ 'संहिता' पाहू. या ट्रेलरच्या घराण्याचा इतिहास काहीसा करुण आहे. पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावच्या अमेरिकन बँटम कंपनीने जीपचा पहिला नमुना 49 दिवसांच्या मुदतीत तयार करून 23 सप्टेंबर 1940 रोजी सैन्याच्या हवाली केला. कंपनी मात्र लहान होती. तिच्या नमुन्याचे आराखडे सैन्याने विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवले आणि पुढील मोठी कंत्राटे त्याच दोघांना मिळाली. बँटमच्या वाट्याला आले ते जीपच्या मागे जोडायच्या पाव टनी ट्रेलरचे काम. ज्यांनी जीप प्रथम घडवली, त्यांनी युद्धाचा उरलेला काळ तिच्या मागची पेटी घडवण्यात घालवला. मुंबईत महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, म्हणून आपल्याला जीप घरची वाटते. तिच्या मागे धावणारी ही पेटी मात्र आपल्या स्मरणात नाही.

या पेटीची रचना अभ्यासण्याजोगी आहे. ती पोलादी आणि जलरोधक होती. नदी ओलांडताना तरंगावी अशी अपेक्षा होती आणि आत शिरलेले पाणी सोडून देण्यासाठी तळाला बुचे होती. पुढे 1960च्या दशकात एम 151 या नव्या वाहनाच्या जोडीला एम 416 हा ट्रेलर आला. त्यानेही हाच वारसा चालवला. आज रूपांतर करणाऱ्यांची सर्वाधिक पसंती त्यालाच आहे. गंमत अशी, की ज्या वाहनासाठी तो घडवला गेला, ते वाहन वळणावर उलटण्याच्या धोक्यामुळे सार्वजनिक रस्त्यांसाठी अयोग्य ठरले आणि त्यातील बरीच निर्लेखनाच्या वेळी कापून भंगारात काढली गेली. मुख्य वाक्य खोडले गेले आणि त्याला जोडलेले गौण वाक्य तेवढे शिल्लक राहिले. त्याला आता नवे मुख्य वाक्य शोधायचे असते.

हे शोधणे म्हणजेच रूपांतर. त्यातील एकेक कृती पाहण्यासारखी आहे. लष्करी वाहनांची विद्युतयोजना 24 व्होल्टची, नागरी मोटारींची 12 व्होल्टची. म्हणून आधी दिवे आणि तारा बदलाव्या लागतात. पण हा बदल केवळ आकड्यांचा नाही. लष्करी ट्रेलरला 'ब्लॅकआउट'चे मंद दिवे असतात. मागून येणाऱ्या स्वपक्षीय चालकाला जेमतेम दिसावे आणि शत्रूला मुळीच दिसू नये, हे त्यांचे प्रयोजन. नागरी रस्त्यावरील दिव्याचे प्रयोजन नेमके उलटे, म्हणजे सर्वांना दिसणे. दोन दिवे बदलताना जगाविषयीचे एक गृहीतकच बदलते: मागून येणारा हा संभाव्य वैरी नसून सहप्रवासी आहे.

दुसरी कृती जोडाची. लष्करी ट्रेलरच्या दांड्याला पुढे एक जाड पोलादी कडे असते. ते ओढणाऱ्या वाहनाच्या हुकात अडकवतात. या कड्याचे तांत्रिक नाव 'ल्युनेट', म्हणजे फ्रेंचमधला 'छोटा चंद्र'. खाचखळग्यांत मोटार एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी हा जोड सुटत नाही, तुटत नाही. त्याची किंमत म्हणजे खडखडाट. नागरी ट्रेलरचा गोळा-वाटीचा जोड शांत असतो, पण त्याला इतके कलणे मानवत नाही. ज्याला खरोखरच आडवाटेला जायचे आहे तो कडे राखतो, निदान तितकाच मोकळा फिरणारा दुसरा जोड बसवतो. ज्याला हमरस्त्यावरच फिरायचे आहे त्याने ते बदलले तर बिघडत नाही. येथे 'मूळाशी प्रामाणिक' राहण्याचा निकष वस्तूच्या भूतकाळात सापडत नाही. तो तिच्या नव्या वाटेत सापडतो.

तिसरी कृती भाराची, आणि माझ्या मते हीच खरी कसोटी. 'पाव टनी' या नावातच मर्यादा लिहिलेली आहे. अमेरिकन टन 2000 पौंडांचा. त्याचा चतुर्थांश 500 पौंड, म्हणजे सुमारे 227 किलो. आडवाटेवर एवढाच भार घालावा, असा संकेत आहे. आता हिशेब करू. गाडीच्या टपावर उघडणाऱ्या धाटणीचा तंबू 60 किलोच्या घरात जातो, तो पेलणारी चौकट 30 किलो, 75 लिटर पाणी म्हणजे 75 किलो, इंधनाचे 20 लिटरचे दोन भरलेले डबे मिळून जवळपास 40 किलो. बेरीज 205 झाली. उरलेल्या 22 किलोंत शेगडी, भांडी, कपडे, अवजारे आणि जादा चाक बसवायचे. तंबू उंचावर बसवला की गुरुत्वमध्यही वर सरकतो, आणि उताराच्या वाटेवर ट्रेलर कलंडण्याचा धोका वाढतो. भार मागे अधिक झाला आणि जोडावर पुरेसा दाब उरला नाही, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो. तेव्हा काय घ्यायचे यापेक्षा काय वगळायचे, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कादंबरीचे नाटक करणाऱ्याला हा प्रश्न परिचित असेल.

कमानपाट्यांचेही असेच. ते पूर्ण भाराच्या हिशेबाने घडवलेले असतात. ट्रेलर हलका असला तर तो खडकांवर उड्या मारतो आणि आतले सामान खिळखिळे होते. म्हणून जाणते लोक त्यातील एखाददुसरा पाटा काढून टाकतात. पण पाटा काढला, की भाराची मर्यादाही खाली येते, हे विसरून चालत नाही. सौम्यता आणि सामर्थ्य यांचा हा व्यवहार कोणत्याही भाषांतरकाराला नवा नाही.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी 1962 साली 'ब्रिकोलर' आणि अभियंता यांच्यात केलेला भेद आपल्याकडे वर्गावर्गांत शिकवला जातो. अभियंता योजनेनुसार साधने निर्माण करतो. ब्रिकोलर हाताशी असलेल्या, दुसऱ्याच कामातून उरलेल्या वस्तूंतून काम भागवतो. या वस्तू आपला पूर्वेतिहास घेऊनच येतात आणि म्हणून त्यांच्या शक्यता आधीच मर्यादित झालेल्या असतात. हा सिद्धान्त शिकवताना आपण मिथकांची उदाहरणे देतो. हा ट्रेलर त्याचे अधिक ठोस उदाहरण आहे. त्याने शिकवलेला धडा असा, की मर्यादेचा आदर हा रूपांतराचा पहिला नियम आहे. मूळ वस्तूने आपल्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगितलेल्या असतात. त्या ऐकणे हीच तिच्याविषयीची निष्ठा.

येथपर्यंत मी या उद्योगाचा चाहता आहे. माझी तक्रार पुढे आहे. काही जण ट्रेलरची रचना तोडतात आणि त्याचा आव मात्र जपतात. भाराची मर्यादा ओलांडली जाते, वर शीतकपाट आणि दूरचित्रवाणीही चढते. पण अंगावर नव्याने लष्करी रंग चढवला जातो, पांढरा तारा रंगवला जातो, कधीही अस्तित्वात नसलेल्या तुकडीचे क्रमांक लिहिले जातात. शनिवार-रविवारच्या सहलीला 'मोहिमे'चा आवेश येतो. युद्धाची शिस्त गळून पडते आणि युद्धाची ऐट तेवढी उरते. हे वाईट रूपांतर आहे, आणि केवळ रुचीच्या दृष्टीने नव्हे. जी पेटी दारूगोळा वाहण्यासाठीही बनवली गेली, ती निव्वळ शोभेची करून टाकली, की युद्ध हे एक रंगसंगतीचे नाव होऊन बसते.

त्या रंगाची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. 1980च्या दशकापासून अमेरिकन लष्करी वाहनांना रासायनिक अस्त्रांचा परिणाम रोखणारा विशेष लेप दिला जाऊ लागला. तो खरवडताना उडणारी धूळ आरोग्यास घातक असते. जुन्या थरांतील क्रोमियमची संयुगे फुप्फुसांत जाऊ नयेत म्हणून योग्य मुखवटा लावावा लागतो, कोरडे घासणे टाळावे लागते. भूतकाळ पुसून टाकणे इतके सोपे नसते. पुसणाऱ्याच्या श्वासात तो शिरू शकतो. आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच वेगळा सोडवला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनुसार संरक्षण खात्याखेरीज अन्य वाहनांना ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. तिकडे तो रंग बाजारात मिळतो आणि हौसेने मिरवता येतो. येथे तो राज्यसंस्थेची राखीव खूण आहे. आपला नियम सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही हे उघड आहे, तरी रंगालाही कर्तव्य असते एवढे तो सांगून जातो.

यावर एक आक्षेप संभवतो. शस्त्रांचे शेतीच्या अवजारांत रूपांतर हे तर मानवजातीचे जुने स्वप्न आहे. मग लष्करी ट्रेलर सहलीला गेला तर त्याचे स्वागतच करायला हवे. बायबलमधील यशयाच्या ग्रंथात तलवारींचे फाळ करण्याची ही प्रतिमा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच बायबलातील योएलच्या ग्रंथात नेमकी उलटी आज्ञा आहे: फाळांच्या तलवारी करण्याची. रूपांतर दोन्ही दिशांनी होऊ शकते, याची जाणीव त्या परंपरेला होती. म्हणून 'रूपांतर झाले' एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ते कोणत्या दिशेने झाले, हे विचारावेच लागते. दिवे सर्वांना दिसावेत म्हणून बदलणारा माणूस एका दिशेने जातो; खोटे तुकडी-क्रमांक रंगवणारा दुसऱ्या.

शेवटी भाषेविषयी, कारण आपले क्षेत्र तेच. 'कॅम्प' हा शब्द स्वतःच एक निर्लेखित लष्करी वस्तू आहे. लॅटिन 'कांपुस' म्हणजे मैदान. त्यातून सैन्याचा तळ, आणि त्यातून सहलीचा मुक्काम. पुण्यात 'कॅम्पात जाणे' म्हणजे खरेदीला जाणे, आणि हे म्हणताना छावणी कोणाच्या मनातही येत नाही. ज्या 'कॅम्पस'मध्ये आपण शिकतो-शिकवतो तोही त्याच मैदानाचा वारस. ज्या 'अवाँ-गार्द' कवितेवर आपण प्रबंध लिहितो, तो शब्दही फ्रेंच सैन्याच्या आघाडीच्या तुकडीचा. आपल्या 'मोहिमा' आणि 'आघाड्या' काही वेगळ्या नाहीत. थोडक्यात, आपणही या गाड्या ओढतच आहोत. समीक्षेत 'विद्रोह', 'हल्ला', 'मोर्चा' हे शब्द वापरताना आपण त्यांचा भार पेलतो, की केवळ रंग मिरवतो, हे तपासायला काय हरकत आहे?

एम 416च्या जाणत्या मालकाला आपल्या पेटीवर 227 किलोंपेक्षा अधिक चढवता येत नाही, हे ठाऊक असते. आपल्या शब्दांवर अशी पट्टी कोणी ठोकलेली नसते. ती मर्यादा आपल्यालाच शोधून काढावी लागते.