नाव कुणाचे, पीक कुणाचे?



कापूस-ज्वारीवाल्यांना इटलीतल्या द्राक्षाच्या दारूशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. माळकरी मंडळींनीही रागावू नये. दारूचा प्रचार आम्हाला करायचा नाही. गोष्ट आहे बाटलीवरच्या नावाची. नावावर दरोडा कसा पडतो ते तिथे स्वच्छ दिसते.

फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधला डोंगराळ मुलूख म्हणजे किआंती. जमीन खडकाळ, चुनखडीची. तिथल्या वाइनचे एवढे नाव झाले की १७१६ साली तिथला सत्ताधीश तिसरा कोसिमो याने फर्मान काढून मुलखाच्या सीमा ठरवल्या. पण त्या नावाचा पैसा वेल लावणाऱ्याला मिळाला का? शेती बटईची. निम्मे पीक मालकाचे, निम्मे कुळाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे घरे टाकून कारखान्यांत गेली. बटईचे नवे करार कायद्याने बंद झाले १९६४ साली, तोवर कितीतरी घरे ओस पडली होती.

नाव चालते म्हटल्यावर व्यापारी आसपासची कुठलीही वाइन किआंती म्हणून खपवू लागले. तेव्हा १९२४ साली राद्दा गावात ३३ उत्पादकांनी संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. त्यांत जमीनदारही होते, पण काम चोख केले. मग सरकार धावून आले! १९३२ साली पिसा, अरेझ्झो, पिस्तोयाकडच्या टेकड्यांनाही किआंतीचे नाव वाटून टाकले. मूळ मालकांनी काय करायचे? आपल्याच नावामागे ‘क्लासिको’ असे शेपूट लावायचे. त्यांना स्वतंत्र नियमावली मिळाली १९९६ साली. ६४ वर्षे!

सरकारी शहाणपण एवढ्यावर थांबले नाही. १९६७ च्या नियमाने काळ्या द्राक्षांत पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे केले. ज्यांनी नियम झुगारून चांगली वाइन केली, त्यांना ती ‘साधी जेवणाची वाइन’ म्हणून विकावी लागली. गिऱ्हाइकाने तिलाच जास्त भाव दिला.

आम्ही शेतकी कॉलेजात एकरी उताऱ्याला देव मानायला शिकलो आणि गावोगाव तेच सांगत फिरलो. क्लासिकोवाल्यांचा नियम उलटा. हेक्टरी ७५ क्विंटल द्राक्षे, म्हणजे एकरी सुमारे ३०. पाणी द्यायचे ते वेल वाचवण्यापुरतेच. कमी पिकवून त्यांचे भागते, कारण नाव त्यांच्या हातात आहे. ज्याच्या हातात नाव नाही त्याला ‘उतारा वाढवा’ सांगणे म्हणजे व्यापाऱ्याची गाडी स्वस्तात भरून देणे. हे आम्हाला फार उशिरा कळले.

२०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण दुसरीकडची ज्वारी त्याच नावाने विकली गेली तर अडत्याला जाब कोण विचारणार? उद्या कुणी हद्द वाढवायला निघाले तर आडवे कोण येणार?

जिल्हा बैठकीला येताना एक काम करा. आपल्या गावच्या कापसाला, ज्वारीला बाजारात कुठल्या नावाने ओळखतात आणि ते नाव पोत्यावर कोण घालतो, तेवढे विचारून या.