ॲक्सेसिबिलिटी कन्सल्टंट नेमकं करतो काय?

"ॲप तू बनवत नाहीस, विकत नाहीस, मग पगार कशाचा मिळतो रे तुला?" एका लग्नात आत्याने चारचौघांत विचारलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण काम ॲक्सेसिबिलिटी कन्सल्टंटचं करतो. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांना ॲप वापरता येतं का हे मी तपासतो. येत नसेल तर कोडमध्ये काय बदलायचं तेही सांगतो.

आत्याला काही पटलं नाही. मग तिच्याच फोनवर टॉकबॅक चालू केलं, एक ॲप उघडलं आणि तिला डोळे मिटायला लावले. फोन बोलला, "बटण, लेबल नाही." पुढचं बटण, पुन्हा तेच. "अरे, पैसे भरायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं?" मी म्हटलं, "आत्या, पगार याचाच मिळतो!"

तुम्हीही करून बघा

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. आयफोनवर व्हॉइसओव्हर. चालू झाल्यावर एका टॅपला फोन वाचून दाखवतो, दोन टॅपला उघडतो. आता डोळे मिटून रिचार्ज करायचा प्रयत्न करा.

आत्ताच चर्चा का?

डिजिटल केवायसीमध्ये कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीला ते जमत नाही. मग खातं कसं उघडणार? सिम कसं घेणार? अशा पीडितांनी आणि एका अंध याचिकाकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 30 एप्रिल 2025 ला निकाल आला: डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने 20 निर्देश दिले. त्यांत प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने ऑडिट करून घेणं आणि चाचणीत अंध व्यक्तींना सामील करणं, हेही आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सेबीनेही शेअर बाजारातल्या संस्थांसाठी असं परिपत्रक काढलं.

म्हणजे आमच्या कामाला मागणी आली. पण मला भीती वेगळीच वाटते. ऑटोमॅटिक टूल चालवायचं, हिरवी टिक मिळवायची, पीडीएफ फाइलला लावायची, झालं ऑडिट! टूलला लेबल आहे की नाही एवढंच कळतं. लेबलमध्ये "इमेज 123" लिहिलं असेल तरी ते पास करतं. ते ऐकून माणूस अडकला, हे टूलला कळत नाही. ते कळायला रोज स्क्रीन रीडर वापरणारा माणूसच समोर बसवावा लागतो.

2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यात चाळिशीनंतर बारीक अक्षर न दिसणारे आपले आई-बाबा धरलेले नाहीत.

तेव्हा कॉलेज प्रोजेक्ट म्हणून ॲप बनवत असाल, तर प्रत्येक बटणाला नीट नाव द्या. एक ओळ कोड लागतो. आणि सबमिट करण्याआधी एकदा डोळे मिटून वापरून बघा.