लोहगडचा शेजारी

कुसगांवीं मुक्काम असला म्हणजे आमच्या घरच्या मुलांस लोहगड-विसापूर ही जोडी स्वस्थ बसूं देत नाहीं. गेल्या आषाढांत आम्ही सहकुटुंब निघालों. मळवलीहून भाजें गांवावरून चढत गायमुख खिंड गांठली. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. २०२५ सालीं जागतिक वारशांत गणला गेलेला लोहगड म्हाताऱ्या माणसांसही चढतां येतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांशीं थांबत थांबत मातोश्री माथ्यावर पोंचल्या, आणि दडप्या पोह्यांचा डबाही त्यांनींच सोडला.

'एवढा बळकट गड १८१८ च्या मार्चांत लढल्यावांचून कसा गेला?' पुतण्यानें विचारलें. उत्तर समोरच उभें होतें. विसापूर लोहगडाहून उंच. तो इंग्रजांनीं घेतांच लोहगड रिकामा करणें भाग पडलें.

मग विसापूरही आजच पाहावयाचा हट्ट! त्याची पायऱ्यांची वाट पावसाळ्यांत ओढाच होते. पाणी घोट्याइतकेंच होतें आणि पुतण्या तिसऱ्या पायरीवर पोंचलाही होता. आम्हीं त्याला परत बोलाविलें. ३० जून २०२४ रोजीं येथून जवळच, भुशी धरणामागील धबधब्यांत, एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. त्यांत चार मुलें होतीं. पाऊस माथ्यावर पडतो, लोंढा खालीं उभ्या असलेल्यांवर येतो.

खरें सांगावयाचें तर त्या वाटेचें रसभरित वर्णन आम्हींच त्याच्यापाशीं केलें होतें. मार्गशीर्षांत पुन्हां जाण्याचें ठरलें आहे. पण घरीं येईपर्यंत तो आमच्याशीं बोलला नाहीं.