दीड दिवसाच्या शाळेचें पुराण

दरवर्षीं ऑगस्टची पहिली तारीख आली म्हणजे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत गांवोगांवीं लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या तसबिरीला हार पडतात, व्यासपीठें सजतात, आणि वक्ते एकामागून एक उठून तेंच एक वाक्य निरनिराळ्या स्वरांत आळवूं लागतात : अण्णाभाऊ दीड दिवस शाळेंत गेले, आणि तरीहि एवढे मोठे झाले! जुलईच्या अठराव्या तारखेस, पुण्यतिथीच्या निमित्तानें, तेंच वाक्य पुनः बाहेर निघतें. वर्तमानपत्रांतील लेख घ्या, गौरवग्रंथांच्या प्रस्तावना घ्या, दीड दिवसाशिवाय या चरित्राचें पान उलटत नाहीं. सत्यनारायणाच्या पोथींत जसा प्रसादाचा महिमा, तसा या चरित्रांत दीड दिवसाचा. या वाक्यांतील ‘आणि तरीहि’ या दोन शब्दांशीं आमचें भांडण आहे.

दीड दिवसाचा हिशेब बरोबर कीं चूक, या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. शाळेचें दर्शन अण्णाभाऊंना अल्पच घडलें ही गोष्ट खरी आहे, आणि लाजायचेंच असेल तर त्याबद्दल शाळेनें लाजावें. १ ऑगस्ट १९२० रोजीं वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं, मांगवाड्यांत, भाऊराव व वालुबाई यांच्या पोटीं हा मुलगा जन्मला, नांव तुकाराम. वाटेगांव त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें. पुढें १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला, १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें, आणि त्यामुळें आज दोन्ही जिल्हे अण्णाभाऊंवर सारखाच हक्क सांगतात. हक्क सांगणारांनीं एवढें मात्र विसरूं नये कीं, १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया अशा वाड्यांवर पडलेली होती. माणूस जन्मतांच संशयित ठरे. ‘फकिरा’ या कादंबरींतील हजेरीचा जाच हा लेखकानें पुस्तकांतून उचललेला नाहीं.

१९३१-३२ च्या सुमारास हें कुटुंब वाटेगांवाहून पायीं निघून मुंबईस गेलें. भायखळ्याच्या चाळींत राहावें, फेरीवाल्याचें गाठोडें वाहावें, गिरणींत पडेल तें काम करावें, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती पाहतां पाहतां अक्षरें जुळवावीं, असा तो क्रम होता. पुढें मुंबई सुटून पुनः वाटेगांव आलें, आणि तेथें नात्यांतील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडांत अण्णाभाऊ उभे राहिले. चरित्रकार या ठिकाणीं येतात, एक ओळ लिहितात, आणि घाईघाईनें पुढें सरकतात. जणूं कांहीं पाहुण्यांस घर दाखवितांना गोठ्याचें दार लोटून घ्यावें!

आमच्या मतें सर्व कथा त्या दाराच्या आंत आहे.

कल्पना करा कीं, एखादा मुलगा एखाद्या उस्तादाच्या घरांत वाढला, मामाच्या किंवा चुलत्याच्या मागें तंबोरा धरून वर्षानुवर्षें बसला, चिजा मुखोद्गत करीत गेला, आणि पुढें नामांकित गवई झाला. आपण काय म्हणतों? तालीम झाली, घराणें लाभलें, असें म्हणतों. वाटेगांवापासून फार दूर नव्हे, मिरजेस, खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य होतें. १९३७ सालीं ते वारले तेव्हां त्यांचा देह मिरजेच्याच दर्ग्यांत विसावला, आणि तेथें त्यांच्या स्मरणार्थ गवई आजहि हजेरी लावतात. खांसाहेब कितवी इयत्ता उत्तीर्ण होते, असा प्रश्न मिरजेंत कोणीं विचारल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं. विचारणाराला लोकांनीं वेड्यांत काढलें असतें. मग तीच गोष्ट मांगवाड्यांतील मुलानें आपल्या नातलगाच्या फडांत केली असतां तिला ‘अशिक्षित’ हें विशेषण कोणत्या न्यायानें लागतें? तंबोरा धरला तर तालीम आणि तुणतुणें धरलें तर निरक्षरता, हा हिशेब कोणत्या गणिताचा?

तमाशाच्या फडांत शिकणें म्हणजे काय, हें ज्यांनीं कधीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. पोरगा प्रथम झील धरावयास उभा राहतो. पुढचा गाणारा ओळ सोडतो, आणि मागच्यांनीं ती वरच्या पट्टींत उचलून धरावयाची. श्वास कोठें घ्यावा, ताल कोठें पडतो, कोणत्या अक्षरावर जोर आला म्हणजे शेवटच्या रांगेंतल्या माणसाला शब्द कळतो, हें सर्व त्या झिलींत शिकलें जातें. शब्द येण्यापूर्वीं चाल येते. नंतर बतावणी : समोरच्यानें टाकलेल्या वाक्याला त्याच क्षणीं उत्तर द्यावयाचें, आणि उत्तर असें कीं, मंडळी हंसलीं पाहिजेत आणि गोष्ट पुढें गेली पाहिजे. मग सवाल-जबाब, कलगी-तुरा. पुराणांतला, शास्त्रांतला कूटप्रश्न कवनांत घालावयाचा आणि प्रतिपक्षाच्या कवनाला कवनानेंच अडवावयाचें. आणि सर्वांच्या शेवटीं वग. वगाला लिहिलेली संहिता नसे. कथानकाची रूपरेषा सरदारानें सांगावी आणि संवाद नटांनीं उभ्याउभ्या रचावे. रात्रभर. ध्वनिक्षेपक नसतां. प्रेक्षक असा कीं, कंटाळला तर उठून जाईल, आणि जातांना दोन शब्द ऐकवूनहि जाईल. ज्या परीक्षेंत परीक्षक रोज रात्रीं हजारांनीं बसतात आणि निकाल तेथल्या तेथें लागतो, तिच्यांत उत्तीर्ण झालेल्यास आमच्या विद्यापीठांच्या पदव्या काय शिकविणार होत्या?

याचा पुरावा त्यांच्या रचनेंतच आहे. माटुंग्याच्या लेबर कॅम्पांतील डांसांवर त्यांनीं आरंभीं रचना केली. विषय पाहून नाक मुरडूं नये. क्षुद्र शत्रूचें भव्य वर्णन करणें ही बतावणीची जुनी खोड आहे. पुढें १९४३ सालीं स्टालिनग्राडचा पोवाडा आला. रशिया त्यांनीं तोंवर पाहिलेला नव्हता; तो योग १९६१ सालीं आला. न पाहिलेल्या नदीकांठचें न पाहिलेलें युद्ध मुंबईच्या कामगारापुढें उभें राहिलें तें कसें? आमचे टीकाकार यास प्रतिभा म्हणून मोकळे होतात. पण अज्ञानदासानें अफजलखानाच्या वधाचा पोवाडा गाइला तेव्हांपासून वेढा, फितुरी, निकराची झुंज आणि शेवटचा वार हें सर्व गाऊन दाखविण्याचें एक शास्त्र मराठी शाहिरांनीं जवळजवळ तीन शतकें घोटलें होतें. अण्णाभाऊंनीं व्होल्गेचें पाणी त्या जुन्या पाटांत सोडलें. पाट कोणीं खणला होता, हें न विचारतां पाण्याचेंच कौतुक करीत बसणें ही अर्धी टीका झाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्याहूनहि बोलकी आहे. परगांवीं पोटासाठीं गेलेल्या पुरुषानें गांवीं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनें झुरावें, हा लावणीचा जुना विरह. आणि तिच्या रूपाचें नखशिखांत वर्णन हीहि लावणीचीच रीत. ऐकणारा गिरणीकामगार हा स्वतःच तसा विरही. तो त्या सुरांत गुंततो, आणि गुंतला असतांच त्याच्या ध्यानांत येतें कीं, ही मैना म्हणजे तुटून राहिलेला मुलूख आहे, बेळगांव आहे, कारवार आहे. शृंगारांतून राजकारणांत जाण्याचा हा सांधा इतका बेमालूम आहे कीं, कोठें वळलों तें कळत नाहीं. असला सांधा दीड दिवसांत कोणी शिकत नाहीं, आणि न शिकतांहि कोणास येत नाहीं. आमच्या पुष्कळशा पदवीधर कवींस तो जन्मभर साधलेला नाहीं, पण तो विषय निराळा.

१९४४ सालीं अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनीं लाल बावटा कलापथक उभें केलें, आणि तमाशाच्या अंगांत फेरफार केले. गणांत गणपतीऐवजीं मातृभूमीस व श्रमणाऱ्या माणसास वंदन आलें, गवळण गळाली, ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचें इलेक्शन’ असले वग राजाराणीस सोडून सावकार आणि पुढारी यांच्या मागें लागले. घराचा कोणता खांब काढला तर छप्पर राहतें आणि कोणता काढला तर पडतें, हें त्या घरांत वाढलेल्यालाच माहीत असतें. बाहेरून आलेल्या सुधारकांनीं तमाशा सुधारावयास घेतला तेव्हां काय झालें, हें आम्ही नव्यानें सांगत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, अण्णाभाऊंना पक्षानें घडविलें, लेबर कॅम्पानें घडविलें. घडविलें, आम्ही नाकारीत नाहीं. काय सांगावें हें त्यांना गिरणीनें आणि चळवळीनें शिकविलें. पण काय सांगावें हें ठाऊक असलेले कार्यकर्ते मुंबईंत ढिगानें होते. त्यांच्या सभांना माणसें जमविण्यासाठींच तर कलापथक लागलें!

आतां त्याच वाळवें तालुक्यांतील दुसऱ्या एका गांवीं चला. रेठरें हरणाक्ष येथें १८६६ सालीं श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी यांचा जन्म झाला. हेच पुढें पठ्ठे बापूराव. ब्राह्मणाच्या घरांत जन्मलेला, लिहितां-वाचतां येणारा हा मनुष्य घरदार आणि जातीचा मान टाकून तमाशांत शिरला, शेंकडों लावण्या रचल्या, आणि हिवरगांवच्या पवळेसह महाराष्ट्रभर गाजला. १९४५ सालीं पुण्यांत तो वारला. त्याचें चरित्र आमचे लोक कसें सांगतात? अधःपाताची कथा म्हणून! केवढ्या कुळांत जन्मला आणि कोठें जाऊन पडला, असा गहिंवर काढून. (पवळा ही महार समाजांतील असून तिच्या गळ्याची आणि नाचाची ख्याति स्वतंत्र होती, हें त्या गहिंवरांत कोणास आठवत नाहीं, ती केवळ मोहाचें निमित्त म्हणून येते.) एका तालुक्यांतील दोन शाहीर : एक वरून चिखलांत पडला म्हणून हळहळ, दुसरा चिखलांतून कमळासारखा वर आला म्हणून टाळ्या. हळहळ आणि टाळ्या दोन्ही एकाच समजुतीवर उभ्या आहेत, ती ही कीं फड म्हणजे चिखल. आम्ही विचारतों, अक्षरें, पोथी आणि प्रतिष्ठा हें सर्व घरीं असतां बापूराव फडांत काय शोधावयास गेला? जें त्याच्या घरीं शिकावयास मिळत नव्हतें तेंच, दुसरें काय?

तमाशांत अश्लीलता होती, बायकांची विटंबना होती, पाटला-सावकारांची मिजास सांभाळावी लागे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खोटा नाहीं. परंतु तो अण्णाभाऊंना आमच्याहून अधिक ठाऊक होता. ‘वैजयंता’ ही त्यांची कादंबरी तमाशांत नाचणाऱ्या स्त्रीचीच आहे. त्यांत त्यांनीं फडाला सोंवळें नेसविलेलें नाहीं, आणि त्या स्त्रीच्या कलेला नाकहि मुरडलेलें नाहीं. स्वातंत्र्य आल्यावर मुंबई सरकारनें तमाशावर बंदीचा बडगा उगारला, तेव्हां मात्र सोंवळ्याचा विजय झाला. रोग पाहून रोग्यासच गांवाबाहेर काढावयाची ही जुनी वैद्यकी.

मान अण्णाभाऊंना पुढें मिळाला. ‘फकिरा’ला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, १९६१ सालीं राज्य सरकारचें पारितोषिक मिळालें. १८ जुलै १९६९ रोजीं दारिद्र्यांतच ते गेले. २००२ सालीं टपालाच्या तिकिटावर त्यांची छबी आली आणि २०२२ सालीं मॉस्कोंत पुतळा बसला. पुतळ्याला आमचा विरोध नाहीं. पण मॉस्कोपर्यंत गेलेली ही कृतज्ञता वाटेगांवच्या फडापर्यंत कां पोंचूं नये? चमत्कार म्हटलें कीं शोध करावा लागत नाहीं, हें त्याचें कारण. झील कशी शिकवीत, चाली कोणाकडून कोणाकडे गेल्या, छक्कड कशी बांधीत, हें जाणणारे म्हातारे गांवोगांवीं एकेक करून जात आहेत, आणि आमचे संशोधक दीड दिवसाच्या दीडाचा निकाल लावण्यांत गुंतले आहेत. जत्रांच्या हंगामांत फडाबरोबर हिंडणाऱ्या मुलांस शाळा मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाहीं. परंतु त्या शाळेंत गेल्यावर, तूं आजवर कांहींच शिकला नाहींस, असें त्यांस ऐकावें लागणार असेल, तर तो मास्तर आणि वाटेगांवचा जुना मास्तर यांत आम्हांस भेद दिसत नाहीं.

हा दोष एका चरित्रापुरता असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. मराठी रंगभूमीचा इतिहास आम्ही पांचव्या नोव्हेंबरपासून मोजतों. १८४३ सालीं त्या दिवशीं सांगलीस, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें, विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगविलें. योग्यच आहे. पण त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनीं, १८६५ च्या सुमारास, याच मुलखांतील तासगांव तालुक्यांतल्या सावळजच्या उमाबाबूंनीं ‘मोहना-बटाव’ हा वग रचला, आणि तमाशाला सबंध नाटकाचें अंग दिलें. हे उमाबाबू मांग. कोणा राजाचा आश्रय नव्हता, म्हणून तारीखहि उरली नाहीं. कवलापूरच्या काळू-बाळूंनीं ‘जहरी प्याला’ गाजविला तो याच परंपरेंत, आणि बापू साठ्यांच्या फडांत अण्णाभाऊ उभे राहिले तेहि याच परंपरेंत. सांगलीस दरवर्षीं पांचव्या नोव्हेंबरला भाव्यांच्या नांवाचें पदक मोठ्या समारंभानें दिलें जातें. त्या दिवशीं सावळजचें नांव किती जणांच्या तोंडीं येतें, हें सांगलीकरांनींच सांगावें.