होस्टेल म्हणजे लॅब नव्हे

होस्टेलच्या खोलीत गेमिंग कन्सोल वाय-फायला जोडला जात नाही, ही तक्रार घेऊन ऑफिसात जाऊन बघा. उत्तर ठरलेलं असतं : 'इथे शिकायला आलास की खेळायला?' इंजिनिअरिंगची चार वर्षं मी हेच ऐकलं. आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून ठामपणे सांगतो : प्रश्न नेटवर्कचा होता आणि उत्तर संस्कारांचं मिळत होतं.

आधी बिघाड समजून घ्या, म्हणजे कन्सोलला उगाच शिव्या बसणार नाहीत. कॉलेजचं वाय-फाय सहसा दोन तऱ्हेचं असतं. एकात लॉगिनचं पान उघडतं. मोबाइलवर ते लगेच उघडतं, कन्सोलवर नशीब असेल तर. दुसरं डब्ल्यूपीए२-एंटरप्राइज : प्रत्येकाला वेगळं युजरनेम, वेगळा पासवर्ड. पद्धत चांगली आणि सुरक्षित आहे. पण प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि निन्टेंडो स्विच, तिघांनाही ती येत नाही. त्यांना घरच्या राउटरसारखा एकच पासवर्ड टाकता येतो. सेटिंग्ज शंभरदा रीसेट केल्या तरी फरक पडणार नाही.

कसेबसे आत शिरलात तरी पुढे नॅट आहे. शेकडो मुलं एकाच पब्लिक पत्त्यामागे असली, की मित्राशी थेट जोडणी होत नाही, व्हॉइस चॅट तुटतं. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. पहिलं प्लेस्टेशन ४ फक्त याच पट्ट्यात चालतं, आणि त्याचा ब्लूटूथ कंट्रोलरही तिथेच गर्दी करतो.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. विद्यार्थ्याने आपल्या कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस एका पानावर स्वतःच्या नावाने नोंदवायचा, नेटवर्कने त्याला वेगळ्या कप्प्यात आत घ्यायचं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या होस्टेलांत हे सर्रास चालतं. खोलीत लॅन पोर्ट असेल तर आणखी उत्तम.

आमच्याकडे यातलं काही नव्हतं. मग मुलांनी लॅपटॉपचे हॉटस्पॉट सुरू केले आणि कन्सोल त्यांना जोडले. प्रत्येक खोलीतून नवा सिग्नल, म्हणजे आधीच भरलेल्या हवेत आणखी गोंगाट. आणि सुरक्षेचं काय? ऑफिसला दिसायचा एक लॅपटॉप, त्यामागे काय जोडलंय ते कळायचंच नाही. ज्या सुरक्षेच्या नावाने नकार दिला, ती नकारामुळेच गेली.

'बँडविड्थ खाल्ली जाते' हा दुसरा मुद्दा. मोठा गेम डाउनलोड करायला कित्येक जीबी लागतात, हे खरं. तर डाउनलोड रात्री करायला सांगा, माणशी मर्यादा घाला. प्रत्यक्ष ऑनलाइन खेळायला तासाभराच्या एचडी व्हिडिओपेक्षा खूप कमी डेटा लागतो.

तिसरा मुद्दा व्यसनाचा. गेमपायी वर्ष वाया घालवलेली मुलं मीही पाहिली आहेत. ती मोबाइलवर, स्वतःच्या सिमवर खेळायची. कॉलेजच्या वाय-फायने त्यांचं काहीच अडवलं नाही. अडला तो प्रोजेक्टसाठी आणलेला दोन-तीनशे रुपयांचा ईएसपी८२६६ बोर्ड, कारण लॉगिनचं पान त्यालाही उघडता येत नाही. आयओटी अभ्यासक्रमात, आणि आयओटीचं यंत्र होस्टेलमध्ये ऑफलाइन!

कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजने होस्टेलच्या मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी केली होती. नियम न पाळणाऱ्या एका विद्यार्थिनीला होस्टेलमधून काढलं. ती केरळ उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१९मध्ये जिंकली. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. त्या निकालाने कुणाला गेम खेळायचा हक्क दिला, असा माझा दावा नाही. पण शिस्तीच्या नावाखाली सज्ञान मुलांच्या संध्याकाळी आपल्या ताब्यात आहेत, हा समज तिथे टिकला नाही.

होस्टेलला मुलं राहतात. तिथे जेवतात, आजारी पडतात, रडतात, खेळतात. आणि त्याचे पैसे भरतात. लॅबचे नियम झोपायच्या खोलीला लावायचे, आणि तक्रार केली की चारित्र्य तपासायचं, हा आळस आहे. त्याला शिस्त म्हणू नका.

म्हणून तोंडी विनवण्या बंद करा. लेखी अर्ज द्या, सगळ्या मजल्याच्या सह्या घ्या. मागणी एका ओळीची : उपकरण नोंदणीचं पान सुरू करा, नाहीतर नकाराचं तांत्रिक कारण लिहून द्या. 'खेळायला आलास का' हे कागदावर सही करून लिहायला कुणी धजावणार नाही.