रीळ खोलायचं ते कशासाठी?

पेनचं जुनं स्क्विडर खोलून बसलेल्या माणसाला इथे न्यू जर्सीत हमखास दोन प्रश्न विचारले जातात. "नवीन का घेत नाहीस?" आणि "आता किती लांब जातं?" पहिल्याचं उत्तर मी हसून टाळतो. दुसरा मात्र मला खटकतो. स्ट्राइप्ड बाससाठी जुनं रीळ नव्याने बांधायचं असेल, तर ते लांब फेकण्यासाठी नव्हे, ड्रॅगसाठी बांधावं असं माझं स्पष्ट मत आहे. (या वाक्यावर किनाऱ्यावरची निम्मी मंडळी माझ्याशी भांडतील. भांडोत बापडी.)

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कन्व्हेन्शनल रीळ म्हणजे काठीच्या वर आडवं बसणारं रीळ. फेकताना त्याचं स्पूल स्वतः गरागरा फिरतं आणि त्याला लगाम आपल्या अंगठ्याचा. आमिष हवेत मंदावलं तरी स्पूल आपल्याच वेगात फिरत राहतं, आणि मग दोऱ्याचं असं काही घरटं होतं की सोडवता सोडवता भरती उलटून जाते. स्ट्राइप्ड बास हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा मासा, अंगावर सात-आठ काळे पट्टे. हडसन, डेलावेअर आणि चेसापीकच्या नद्यांत अंडी घालतो, वाढतो समुद्रात. वसंतात बंकर माशांच्या थव्यामागे रॅरिटन उपसागरात शिरतो तेव्हा तीस पौंडांचा बास काठी वाकवतो म्हणजे काय ते कळतं.

जुनंच रीळ का, याचं खरं उत्तर असं की ते खोलता येतं. पेन ही फिलाडेल्फियात 1932 साली ऑटो हेंझे यांनी काढलेली कंपनी. तिच्या रिळांचे सुटे भाग क्रमांकाने ओळखले जातात. 5 म्हणजे मुख्य गिअर, 29 म्हणजे स्पूल, पुढे मॉडेलचा आकडा. स्क्विडरचा एक स्क्रू हाताने सैल केला की हँडलकडची बाजू फिरवून निघते आणि स्पूल हातात येतं. ज्याने हे योजलं त्याने वापरणाऱ्याला अडाणी समजलेलं नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

या रिळांत बदल करण्याची परंपराही जुनीच. कॅलिफोर्नियातल्या कार्ल न्यूएल यांनी पेनच्या रिळांसाठी हलकी अ‍ॅल्युमिनियमची स्पूल आणि इतर भाग बनवले, पुढे स्वतःची रिळंही काढली. त्याला कारण होतं. नायलॉनचा तंगूस ताणाखाली गुंडाळला की आवळत जातो आणि जुनं प्लास्टिकचं स्पूल त्या दाबाने फुटतं. पितळेचं फुटत नाही, पण जड असतं, त्यामुळे घरटी जास्त. अ‍ॅल्युमिनियमने दोन्ही प्रश्न सुटले. नंतर टिब्यूरॉन आणि अ‍ॅक्युरेटने अखंड अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणल्या. दिसायला देखण्या! पण ट्यूनासाठी त्यांचा जो उपयोग आहे तो दहा-बारा पौंडांच्या ड्रॅगवर लढल्या जाणाऱ्या बाससाठी नाही. स्पूल बदला, चौकटीचे पैसे वाचवा.

फेक वाढवणाऱ्यांची एक करामत मात्र मलाही मोहात पाडते, ती म्हणजे लोहचुंबक. डाव्या प्लेटच्या आतून दोन-तीन छोटे निओडिमियम चुंबक चिकटवायचे. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण त्याच्यासमोर फिरलं की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते फिरण्यालाच विरोध करतात. वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. म्हणजे सुरुवातीला, जिथे घरटं व्हायचा धोका, तिथे ब्रेक घट्ट आणि शेवटी आपोआप सैल. काही घासत नाही, काही झिजत नाही. शाळेत फॅरडे रटला होता त्याचं इतकं रोकडं उत्तर दुसरीकडे मिळालं नाही. (प्लास्टिकच्या स्पूलवर हे चालत नाही. वीज वाहायला धातू हवा.)

पण इथेच लोक थांबत नाहीत. पाच-दहा यार्डांसाठी बेअरिंगमधलं सगळं ग्रीस धुऊन काढतात, पातळ तेलाचा एक थेंब टाकतात आणि खाऱ्या पाण्यात उभे राहतात. ते बेअरिंग हंगामभर टिकलं तर नशीब. सिरॅमिकचे दाणे गंजत नाहीत हे खरं, पण ज्या कड्यांत ते फिरतात त्या पोलादाच्याच असतात.

आणि ड्रॅग? त्याच्याकडे कोणी बघत नाही. स्टारखाली वॉशरची चळत असते, एक धातूचा, एक घर्षणाचा. जुने फायबरचे वॉशर सुकतात, चिकटतात. दहा पौंडांवर लावलेला ड्रॅग सुटताना पंधरा मागतो, मग एकदम झटका देऊन सुटतो. दोरा तिथेच तुटतो. यावर उपाय स्वस्त आहे. कार्बन फायबरचे वॉशर, त्यावर ड्रॅगच्या ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि धातूचे वॉशर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट घासलेले. मग स्प्रिंगचा काटा लावून दोऱ्याच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा एवढा ताण मोजायचा. बोटाने ओढून "बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कारण स्पूल रिकामं होत जातं तसा ताण वाढतो. दोऱ्याच्या थराचा व्यास निम्मा झाला की आठाचे सोळा पौंड होतात, स्टारला हात न लावता.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं झालंय, कारण बहुतेक बास आपण परत सोडतो. 2023 पासून समुद्रात हौशी मासेमाराला फक्त 28 ते 31 इंचांचा एक मासा ठेवता येतो. मोठ्या माद्या, ज्यांच्या अंड्यांवर पुढची पिढी अवलंबून, त्या पाण्यातच राहायला हव्यात. मेरीलँडची पिल्लांची वार्षिक मोजणी 2019 नंतर वर्षानुवर्षं सरासरीच्या खाली आली आहे. व्यवस्थापनाच्या हिशेबात सोडलेल्या शंभर माशांमागे नऊ मरतात असं धरतात. पाणी गरम असेल आणि मासा दमून आला असेल तर हा धोका वाढतो. धक्के देणारा ड्रॅग असला की माणूस घाबरून तो सैल ठेवतो, आणि मग पाच मिनिटांची लढत पंधरा मिनिटांची होते. लोक तिला "काय झुंज दिली!" म्हणतात. माशाच्या बाजूने ती झुंज नसते हो...

संग्राहक मंडळींचा एक आक्षेप असतो की जुन्या रिळाला हात लावणं म्हणजे पाप. दुर्मिळ नगाबद्दल मला मान्य आहे, तो कपाटात ठेवा. पण स्क्विडर आणि जिगमास्टर ही वापरायची रिळं, जुन्या बाजारात सर्रास मिळणारी. शिवाय वॉशर बदलल्याने काही बिघडत नाही. जुने एका डबीत ठेवा, परत बसवता येतात. भोकं पाडायची असतील तर मात्र जास्तीची प्लेट शोधा, आणि ब्रेड (पावाचा नव्हे, विणलेल्या दोऱ्याचा) भरणार असाल तर आधी स्पूल आणि प्लेट यांच्यातली फट बघा. जुन्या रिळात ती मोठी असते, बारीक दोरा आत घुसतो आणि ऐन वेळी रीळ अडकतं. ब्रेडच्या खाली थोडा तंगूस भरायलाही विसरू नका, नाहीतर सगळाच्या सगळा ब्रेड स्पूलवर घसरत फिरतो आणि तुम्ही ड्रॅगला शिव्या देत बसता.