टंचाईच्या यादीवर किती विसंबावे?

२२ जुलै २०२५ रोजी ब्रिटनने परदेशातून येणाऱ्या नव्या केअर वर्करांसाठी आपले दार बंद केले. तेच दार त्या देशाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वहस्ते उघडले होते. वृद्धाश्रमांत आणि घरोघरी जाऊन वृद्धांची व अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या या सेवकांचे नाव तेव्हा टंचाईच्या व्यवसायांच्या अधिकृत यादीत घालण्यात आले. मधल्या साडेतीन वर्षांत जगभरच्या कुटुंबांनी त्या यादीवर भरवसा ठेवून दागिने मोडले, शेतजमिनी गहाण टाकल्या आणि मुलामुलींना विमानात बसवले. 'ब्रिटनमध्ये तातडीने भरती' ही जाहिरात आजही वाचावयास मिळते. फक्त व्यवसायाचे नाव बदललेले असते. ज्या घरात परिचर्येचा, वेल्डिंगचा किंवा वैद्यकीचा अभ्यासक्रम संपवून बसलेला तरुण आहे, त्या घरात अशा जाहिरातीवर खल होतो. हा खल होताना टंचाईची यादी म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

टंचाई हा शब्द अर्थशास्त्रात एकटा उभा राहू शकत नाही. अमुक वेतनाला अमुक कामासाठी माणसे मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमधील वृद्धसेवेचा मोठा खर्च स्थानिक नगरपरिषदा उचलतात आणि त्यांच्या तिजोऱ्यांत खडखडाट आहे. साहजिकच त्या सेवकांचे वेतन कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाच्या आसपासच घुटमळत राहिले. रात्रपाळी, उचलाउचल, मलमूत्र साफ करणे आणि मरणासन्न माणसाच्या उशाशी बसणे हे काम ज्या मोबदल्यात करायचे, जवळपास तेवढाच मोबदला सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर डबे मांडून मिळत असेल, तर इंग्रज तरुणी कोणता मार्ग पत्करेल हे सांगावयास नको. २०२१-२२ मध्ये इंग्लंडमधील या क्षेत्रातील रिक्त जागा सुमारे १ लाख ६५ हजारांवर गेल्या होत्या. त्या भरण्याचे दोन मार्ग होते. करदात्याकडून अधिक पैसा घेऊन वेतन वाढवणे हा एक आणि त्याच वेतनावर काम करण्यास तयार असलेली माणसे बाहेरून आणणे हा दुसरा. सरकारने दुसरा निवडला. २०२३ या एका वर्षात आरोग्य आणि शुश्रूषा व्हिसा मिळालेल्या मुख्य अर्जदारांची संख्या १ लाख ४६ हजारांवर गेली. त्यांतील सुमारे ८९ हजार केअर वर्कर होते. मग स्थलांतराच्या आकड्यांवरून राजकीय ओरड झाली. मार्च २०२४ पासून या सेवकांना पती-पत्नी वा मुलांना सोबत आणण्यास मनाई झाली, आणि २०२४ मध्ये हीच संख्या २७ हजारांवर घसरली. त्या वर्षात म्हाताऱ्यांची संख्या काही घटली नव्हती.

याच्या उलट उदाहरण मालमोटारचालकांचे. २०२१ च्या शरद ऋतूत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. सुमारे १ लाख चालक कमी असल्याचा अंदाज मालवाहतूकदारांच्या संघटनेने दिला. सरकारने घाईघाईने काही हजार अल्पमुदतीचे व्हिसा जाहीर केले, परंतु काही महिन्यांच्या नोकरीसाठी घरदार सोडण्यास फारसे कोणी पुढे आले नाही. अखेर वाहतूक कंपन्यांनी पगार वाढवले, वाहनपरीक्षा अधिक संख्येने घेतल्या गेल्या आणि टंचाई बरीचशी ओसरली. किंमत वाढवता येते तेथे परदेशी माणसाची फार दिवस गरज लागत नाही. ती वाढवण्याची इच्छा नसते तेथे तो हवाहवासा वाटतो. म्हणून झटपट भरतीची हमी देणारी नोकरी पुष्कळदा तीच असते, जी स्थानिक माणूस झटपट सोडून जातो.

ही रीत आजची नव्हे. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने परवान्यांच्या तीन श्रेणी केल्या होत्या: नोकरी निश्चित झालेल्यांची 'ए', डॉक्टर-परिचारिका-शिक्षक अशा कुशल लोकांची 'बी' आणि उरलेल्यांची 'सी'. १९६५ च्या श्वेतपत्रिकेने 'सी' श्रेणी रद्दच केली आणि एकूण परवाने वर्षाला साडेआठ हजारांवर आणून ठेवले. रुग्णालयांना मात्र भारतीय उपखंडातील डॉक्टर हवेच होते. इनॉक पॉवेल हे १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते आणि त्यांच्या कारकिर्दीतही रुग्णालये या डॉक्टरांवर अवलंबून होती. याच पॉवेलसाहेबांनी १९६८ मध्ये बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. गरज आणि नावड एकाच घरात सुखाने नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला शोधण्याचे कारण नाही.

१९७५ मध्ये तेथील वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली व परीक्षेची अट आली. २००६ साली तर कमालच झाली. भारतात वैद्यकीय पदवी घेऊन, पदरमोड करून, ब्रिटनची प्लॅब परीक्षा उत्तीर्ण झालेले हजारो डॉक्टर तेथे उच्च प्रशिक्षणाची वाट पाहत असताना, एप्रिलपासून वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणाची जागा मिळणार नाही, असा नियम आला. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने आरोग्य खात्याची त्यासंबंधीची सूचना बेकायदा ठरवली. निकाल लागेपर्यंत अनेकजण परतले होते किंवा दुसऱ्या देशांत गेले होते. न्याय मिळाला, वर्षे मिळाली नाहीत.

नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला हे चक्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. यंदा भाव चढला म्हणून सर्वांनी कांदा लावायचा आणि तो बाजारात येईतो भाव पडलेला, हा त्याचा नित्याचा अनुभव. निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये या हेलकाव्याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देऊन सिद्धांताचे नाव दिले. व्यवसायशिक्षणाला तो अधिकच लागू पडतो. कांद्याला काही महिने लागतात. परिचारिका घडण्यास तीन ते चार वर्षे लागतात आणि डॉक्टरला त्याहून पुष्कळ अधिक. बारावीनंतर यादी पाहून शाखा निवडणारा विद्यार्थी पदवी हाती घेतो, तेव्हा यादी करणारे मंत्रिमंडळच बदललेले असते. कांदा निदान चाळीत ठेवता येतो.

डॉक्टरांच्या बाबतीत आज हेच घडत आहे. ब्रिटिश रुग्णालयांत प्रतीक्षायाद्या लांब आहेत, म्हणजे डॉक्टर कमी आहेत, म्हणजे प्लॅब दिली की नोकरी मिळाली, हे तर्कशास्त्र दिसते सरळ. प्रत्यक्षात २०२५ मध्ये विशेष प्रशिक्षणाच्या सुमारे १० हजार जागांसाठी ३० हजारांहून अधिक डॉक्टर स्पर्धेत होते. टंचाई अनुभवी तज्ज्ञांची असते, गर्दी उमेदवारीच्या पायरीवर असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. परिचारिकांचेही तसेच. वर्षानुवर्षे केरळपासून फिलिपाइन्सपर्यंत भरतीदूत पाठवणाऱ्या त्या देशाला ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच्या नव्याने उत्तीर्ण झालेल्या परिचारिकांना नोकरीची हमी देणारी योजना जाहीर करावी लागली, कारण रुग्णालयांनी पैशाअभावी भरती आखडती घेतली होती. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दहा वर्षांच्या आराखड्यात, २०३५ पर्यंत परदेशी भरतीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्टही लिहून ठेवले आहे. अर्थात अतिदक्षता विभागाचा किंवा शस्त्रक्रियागृहाचा पक्का अनुभव असलेल्या परिचारिकेची गोष्ट निराळी. इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण होऊन परिचर्या परिषदेच्या नोंदणीची तयारी तिने आधीच पूर्ण केली असेल, तर तिला आजही विचारले जाते. मात्र तेथे वेग येतो तो नोंदणीमुळे आणि अनुभवामुळे.

मग मागणी कोठे आहे? पंधरा लाख घरे बांधण्याचे वचन देऊन बसलेल्या सरकारला गवंडी, वीजतंत्री आणि नळकारागीर हवे आहेत. परंतु मार्च २०२५ मध्ये त्यासाठी जाहीर झालेले ६० कोटी पौंड हे ६० हजारांपर्यंत ब्रिटिश कामगार शिकवून तयार करण्यासाठी आहेत. भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक तेथील शाळांना मिळत नाहीत, ही जुनी रड आहे. अभियंत्यांना मागणी आहे, पण जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी काम पदवीच्या दर्जाचे आणि वार्षिक वेतन सर्वसाधारणपणे किमान ४१ हजार ७०० पौंड असावे लागते. नवखा अभियंता या रेषेला सहसा पोचत नाही. पदवीहून खालच्या दर्जाच्या वेल्डर वगैरे काही व्यवसायांसाठी एक तात्पुरती यादी ठेवली आहे. तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत आणि त्या वाटेने जाणाऱ्यास कुटुंब नेता येत नाही. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात वर्षाला १,८०० जणांसाठी सोय झाली, ती आचारी, योगशिक्षक आणि अभिजात संगीतकारांची! आयटीआयच्या विद्यार्थ्याने त्यातून काय बोध घ्यावा हे त्याचे त्याने ठरवावे.

गोव्याची हकीगत या संदर्भात आठवण्याजोगी आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून अनेक गोवेकर स्विंडन, साउथॉल येथे गेले आणि गोदामांत व कारखान्यांत कामाला लागले. त्यांना ना प्रायोजक लागत होता, ना वेतनाची किमान रेषा. युरोपीय संघाचे पारपत्र पुरेसे होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर हा हक्क संपला. त्याआधी स्थायिक झालेले सुरक्षित राहिले. त्यानंतर निघणाऱ्याच्या हातातील त्याच पारपत्राचे ब्रिटनमधील नोकरीपुरते मोल उरले नाही. वर्षभराच्या अंतराने निघालेल्या दोन भावांच्या नशिबात त्यामुळे जमीनअस्मानाचा फरक पडू शकला.

मालक बदलण्याचे स्वातंत्र्य हे त्या गोवेकरांचे खरे भांडवल होते. आजच्या व्हिसाधारकाकडे नेमके तेच नाही. त्याचा व्हिसा मालकाच्या प्रायोजक परवान्याला बांधलेला असतो. मालकाने नियम मोडले आणि परवाना गेला, तर शिक्षा कामगाराला होते. सामान्यतः ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधणे किंवा देश सोडणे एवढेच त्याच्या हाती राहते. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात शुश्रूषा क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांच्याशी ३९ हजारांहून अधिक कामगार जोडलेले होते, असे ब्रिटिश सरकारनेच सांगितले आहे. ज्याने परदेशी येण्यासाठी काही लाखांचे कर्ज काढले, तो वेतनातील कपात आणि ठरल्यापेक्षा कमी तास निमूटपणे सोसतो, कारण मागे फिरण्यास पैसा नसतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत श्रमाच्या बाजारात एकच ग्राहक असण्याची जी कल्पना करतात, ती येथे कायद्याने प्रत्यक्षात आणली आहे.

यात कमावतो तो मध्यस्थ. १९८३ च्या भारतीय उत्प्रवासन कायद्यान्वये परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालाला नोंदणी बंधनकारक आहे आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात. मात्र 'मार्गदर्शन', 'कागदपत्रे' किंवा 'प्रशिक्षण' अशा नावांखाली पैसे घेणारी कार्यालये या कायद्याच्या कडेने चालतात. जिल्हा रोजगार कार्यालयांनी नोंदणीकृत दलालांची यादी आपल्या फलकावर लावली तरी पुष्कळ घरे वाचतील. त्यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही.

उमेदवारानेही काही गोष्टी कर्ज काढण्यापूर्वीच पाहून घ्याव्यात. ब्रिटिश गृहखाते परवानाधारक मालकांची सूची प्रसिद्ध करते; नोकरी देणाऱ्याचे नाव तीत आहे किंवा नाही हे पाहणे दहा मिनिटांचे काम आहे. व्यवसायाच्या परिषदेची नोंदणी येथे बसून जितकी पूर्ण करता येते तितकी करावी, कारण ती यादीबरोबर रद्द होत नाही. वेतनाचा आकडा रुपयांत गुणून पाहण्याऐवजी घरभाडे, कर आणि व्हिसाचा खर्च वजा करून पौंडांतच पाहावा. आरोग्य व्हिसाबाहेरच्या कुशल कामगाराला आरोग्य अधिभारच वर्षाला १,०३५ पौंड पडतो आणि तो व्हिसाच्या सर्व वर्षांचा आगाऊ भरावा लागतो. कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत दहा करण्याचा प्रस्ताव मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडला गेला आहे, हेही हिशेबात धरावे लागेल. पाच वर्षांत फिटेल म्हणून काढलेले कर्ज आणि पाच वर्षांनी बोलावून घेऊ म्हणून मागे ठेवलेले मूल, या दोहोंची गणिते त्याने बदलतात.